निवेदकाची जागा : मराठी साहित्यकृतींची चित्रपटरूपे आणि मराठवाड्याची बोली

१

साहित्यकृतीवर आधारलेला चित्रपट पाहून बाहेर पडणारा वाचक बहुधा एकच प्रश्न विचारतो : चित्रपट मूळ कृतीशी कितपत प्रामाणिक राहिला? ह्या प्रश्नाची निष्फळता जॉर्ज ब्लूस्टोन ह्यांनी १९५७ साली आपल्या 'नॉव्हेल्स इन्टू फिल्म' ह्या ग्रंथात दाखवून दिली. कादंबरी आणि चित्रपट ह्या दोन भिन्न जातीच्या निर्मिती असल्याने एकीच्या मापाने दुसरीला मोजणे हे मुळातच गैर, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. तरीही प्रामाणिकपणाचा प्रश्न मागे हटलेला नाही. शिवाजी सावंत ह्यांच्या 'छावा' (१९७९) ह्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकर ह्यांनी दिग्दर्शित केलेला त्याच नावाचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या भोवती झालेली चर्चा आठवावी. आक्षेप आल्यावर लेझीमचे दृश्य प्रदर्शनापूर्वीच वगळण्यात आले; शिर्के घराण्याच्या चित्रणावरून वाद झाला. ह्या सर्व चर्चेत चित्रपट इतिहासाशी प्रामाणिक आहे की नाही, हा एकच मुद्दा होता. कादंबरी आणि चित्रपट ह्यांच्या दरम्यान कथनाच्या पातळीवर नेमके काय घडले, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. एका मराठी कादंबरीचे निवेदन संपूर्णपणे दुसऱ्या भाषेत गेले आणि केवळ शीर्षकातला शब्द मराठी उरला, ही गोष्टही फारशी कोणाला खटकली नाही.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न वेगळा आहे. रूपांतराच्या प्रक्रियेत निवेदकाचे काय होते, आणि निवेदक नाहीसा झाला की त्याच्याबरोबर आणखी काय नाहीसे होते, ह्याचा शोध मराठीतील काही रूपांतरांच्या आधारे येथे घ्यावयाचा आहे. हा प्रश्न मला सुचला तो कोणत्याही सैद्धांतिक ग्रंथातून नव्हे. परभणी जिल्ह्यात पदव्युत्तर वर्गाला ग्रामीण साहित्य शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली कथा वाचावयास दिली. कथेतले स्थळ त्याच्या स्वतःच्या शेतातला आखाडा. ह्या भागात आखाडा म्हणजे शेतातले गुराढोरांचे आणि सालगड्याच्या राहण्याचे ठिकाण. कुस्तीशी त्याचा संबंध नाही. कथेतले बारकावे अस्सल होते. बैलाच्या खांद्याला आलेली सूज, सालाचे पैसे उचलून बसलेल्या गड्याची घालमेल, हे सारे त्याने पाहिलेले होते. पण पात्रे बोलू लागली की ती म्हणत : 'काय करतुयास?' ह्या मुलाच्या घरात, गावात, उभ्या पंचक्रोशीत कोणीही असे बोलत नाही. इथे माणसे म्हणतात : 'काय करायलास?' हे त्याच्या ध्यानात आणून दिले तेव्हा तो थोडा गोंधळला आणि म्हणाला, 'सर, पण गावाकडची भाषा अशीच लिहितात ना?'

त्याने ती भाषा कोठून घेतली हे उघड होते. पडद्यावरचे गाव पिढ्यान्‌पिढ्या त्याच भाषेत बोलत आले आहे. आपल्या डोळ्यांसमोर असलेल्या माणसांच्या तोंडी पडद्यावरच्या माणसांची भाषा घालणाऱ्या ह्या विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की, पडद्यावरची ही एकच एक 'गावाकडची भाषा' घडली कशी?

२

ह्याचे एक उत्तर इतिहास-भूगोलात आहे, आणि ते प्रथम नोंदविले पाहिजे. मराठी चित्रपटसृष्टीचे आरंभीचे मोठे केंद्र कोल्हापूर होते. बाबूराव पेंटर ह्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी तेथली. १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनीही तेथलीच, जी १९३३ मध्ये पुण्यास आली. पुढे भालजी पेंढारकरांमुळे कोल्हापूरचे हे स्थान टिकून राहिले. पटकथा आणि संवाद लिहिणाऱ्यांमध्ये ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील ह्यांच्यासारखे लेखक होते. त्यांतले दोघे माणदेशाचे, तिसरे कोल्हापूरकडचे. त्यांच्या कानात जी बोली होती ती पडद्यावर आली, ह्यात गैर काहीच नाही. अनंत माने ह्यांच्या 'सांगत्ये ऐका' (१९५९) ह्या चित्रपटाच्या लोकप्रियतेनंतर तमाशाप्रधान चित्रपटांची जी लाट आली, तिने ह्या बोलीला एक ठाशीव रूप दिले.

ह्याच काळात परभणी कोठे होती? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. मुंबई इलाख्यातला शेतकरी मामलेदाराकडे जात असे, तर आमचा शेतकरी तहसीलदाराकडे. त्याच्या दारात पटवारी आणि गिरदावर येत. मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याचा भाग झाला, तोवर मराठी बोलपटाचे पहिले तीन दशकांचे आयुष्य संपत आले होते आणि पडद्यावरचे गाव घडून गेले होते. त्या घडणीत मराठवाड्याचा लेखक, त्याची बोली आणि त्याच्या दफ्तरी व्यवहारातले उर्दू शब्द ह्यांना वाव मिळण्याजोगी परिस्थितीच नव्हती. १९४९ साली, प्रभातच्या उतरत्या काळात, 'संत जनाबाई' हा चित्रपट आला. त्यात जनाबाईची भूमिका हंसा वाडकर ह्यांनी केली. जनाबाई मूळची गंगाखेडची, म्हणजे परभणी जिल्ह्याची. पण तिच्या चरित्राचे केंद्रच पंढरपूर असल्याने ह्या चित्रपटाला मराठवाड्याचा म्हणता येत नाही.

तथापि केवळ एवढ्या ऐतिहासिक कारणावर थांबणे मला पुरेसे वाटत नाही. १९६० नंतर साडेसहा दशके उलटली. रस्ते झाले, विद्यापीठे झाली, मराठवाड्यातल्या लेखकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले. तरी पडद्यावरची 'गावाकडची भाषा' दीर्घकाळ तीच राहिली. ह्याचे दुसरे कारण रूपांतराच्या प्रक्रियेतच असावे, अशी माझी धारणा आहे.

३

मराठी ग्रामीण कथनसाहित्याचा रूढ रूपबंध लक्षात घेतला म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. ह्या साहित्यात सामान्यतः निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतात. ही विभागणी केवळ वाचकाच्या सोयीसाठी नसते. निवेदकाची प्रमाण भाषा आणि पात्रांची बोली ह्यांच्यातले अंतर हाच पुष्कळदा कृतीचा आशय असतो. गाव कोण पाहतो आहे, किती जवळून पाहतो आहे, त्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे त्या अंतरातून व्यक्त होते. जेरार झेनेत ह्या फ्रेंच समीक्षकाने १९७२ साली कथनमीमांसेत 'कोण पाहतो' आणि 'कोण बोलतो' असा जो भेद केला, तो ह्या साहित्याला विशेष लागू पडतो. आनंद यादव ह्यांनी 'गोतावळा' (१९७१) मध्ये ही विभागणीच मोडली. तिथे शेतावरचा गडी नारबा हाच निवेदक आहे आणि सारे निवेदन त्याच्याच बोलीत आहे. पाहणारा आणि बोलणारा तिथे एक झाला. 'गोतावळा'चे महत्त्व ह्यात आहे.

चित्रपट ह्या रूपबंधाला हात लावतो तेव्हा प्रथम निवेदन गळते. जे वर्णिले होते ते दिसू लागते आणि ऐकू येण्यासाठी उरतात ते केवळ संवाद. अंतराच्या दोन टोकांपैकी एक टोक नाहीसे झाल्याने बोलीचा संदर्भ सुटतो. ती आता कोणाच्या तरी भाषेच्या तुलनेत उभी नसते. ती पात्राच्या अंगावरच्या धोतर-पटक्यासारखी, 'हा ग्रामीण माणूस आहे' एवढेच सांगणारी खूण होते. आणि खूणच हवी असेल तर कोणतीही एक बोली पुरेशी असते. जी हाताशी असेल, प्रेक्षकाच्या कानाला सवयीची असेल, ती चालते. म्हणजे निवेदकाचा लोप आणि बोलीचे सरसकटीकरण ह्या दोन वेगळ्या घटना नव्हेत; दुसरी ही पहिलीचा परिणाम आहे. व्ही. शांताराम ह्यांच्या 'पिंजरा' (१९७२) वर 'द ब्लू एंजल' (१९३०) ह्या जर्मन चित्रपटाची छाया आहे, हे सर्वश्रुत आहे. त्या चित्रपटाचा आधार हाइनरिश मान ह्यांची १९०५ मधली कादंबरी. जर्मन शहरातला शिक्षक मराठी पडद्यावर गावचा मास्तर होऊन विनासायास वावरू शकला, कारण तिथे 'गाव' ही आधीच एक तयार चौकट झालेली होती. परभणीच्या माणसाला मात्र त्या चौकटीत शिरताना आपली बोली दाराबाहेर ठेवावी लागते.

अर्थात, चित्रपटाला निवेदक असूच शकत नाही असा ह्याचा अर्थ घेऊ नये. पार्श्वनिवेदन हा त्याचा सर्वांत सोपा पर्याय. पण तो बहुधा वरून चिकटवलेला वाटतो. चित्रपट आपल्या स्वतःच्या साधनांनी पाहणाऱ्याची जागा निर्माण करू शकतो, ह्याची साक्ष मराठी चित्रपटाने फार लवकर दिलेली आहे. नारायण हरी आपटे ह्यांच्या 'न पटणारी गोष्ट' ह्या कादंबरीवरून प्रभातने १९३७ साली 'कुंकू' केला. त्याची पटकथाही आपट्यांचीच होती. जरठ-बाला विवाहाच्या ह्या कथेत शांताराम ह्यांनी पार्श्वसंगीत टाळून घरातल्या, रस्त्यातल्या प्रत्यक्ष आवाजांवर भर दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाला जवळजवळ भाष्यकाराची जागा दिली. कादंबरीकाराचे भाष्य वस्तूकडे आणि ध्वनीकडे सोपविले गेले. नीरेचे (शांता आपटे) कोंडलेपण आपण केवळ तिच्या संवादांतून जाणत नाही; त्या घराच्या आवाजांतून जाणतो. ह्याला मी निवेदकाची पुनर्रचना म्हणेन.

दुसरे उदाहरण जब्बार पटेल ह्यांच्या 'सिंहासन' (१९७९) चे. अरुण साधू ह्यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' ह्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी ह्या चित्रपटाची पटकथा लिहिली. दोन कादंबऱ्यांचा पसारा एकत्र बांधणारा धागा त्यांनी शोधला तो दिगू टिपणीस ह्या पत्रकाराच्या रूपात. निळू फुले ह्यांचा दिगू मंत्रालयात, बैठकांत, रस्त्यावर सर्वत्र असतो. त्याला सर्व दिसते, पण त्याच्या पाहण्याने काहीही बदलत नाही. चित्रपटाच्या अखेरीस त्याचे ते आवरेनासे हसणे हे पाहणाऱ्याच्या असहायतेचे रूप आहे. येथे निवेदक नाहीसा होत नाही; तो पात्र होतो, आणि अखेरीस पाहण्याच्या ओझ्याखाली मोडून पडतो. राजकीय कादंबरीच्या रूपांतराचा इतका समर्थ वस्तुपाठ मराठीत दुसरा क्वचितच सापडेल. मात्र ही कृती महानगरी आहे आणि तिची भाषाही. गावाच्या बाबतीत ही जाण चित्रपटाला आली का, हा खरा प्रश्न आहे.

४

व्यंकटेश माडगूळकर ह्यांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि अमोल पालेकर ह्यांनी १९९५ मध्ये केलेला तिचा चित्रपट ह्या जोडीकडे ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. नुकताच तो चित्रपट कादंबरीसोबत वर्गात पुन्हा पाहिला. पटकथा माडगूळकरांचीच. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शिक्षक म्हणून गेलेला कोवळा तरुण हा कादंबरीचा 'मी' आहे. त्याचा स्वर संयत, जवळजवळ कोरडा. तो स्वतःविषयी फारच थोडे सांगतो. वाडी, कारभारी, आनंदा रामोशी, आयबू ह्यांच्याविषयी सांगतो. वाडी त्याला आपला मानू लागते. पण त्याचे मुक्कामाला आलेल्या माणसाचे भान कधी सुटत नाही. अखेरीस दुष्काळ वाडी रिकामी करतो तेव्हा त्याच्या निवेदनात जे न बोलले गेलेले दुःख आहे, ते ह्या संयमामुळेच जाणवते.

चित्रपट ह्या कादंबरीशी प्रामाणिक आहे, माळरान आणि मेंढरे ह्यांची दृश्ये सुंदर आहेत, आणि उथळ नाट्य निर्माण करण्याचा मोह त्याने टाळला आहे. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. कादंबरीत जो पाहतो, तो पडद्यावर दिसू लागतो. मास्तर चौकटीत आला की तो पाहणारा राहत नाही, पाहिल्या जाणाऱ्यांपैकी एक होतो. तालीम बांधण्याचा त्याचा खटाटोप कादंबरीत वाडीच्या जीवनातली एक घटना असते. पडद्यावर तीच कथेचा कणा वाटू लागते आणि मास्तर नकळत नायक होतो. माडगूळकरांच्या गद्यातले अंतर, म्हणजे शिक्षित तरुणाची भाषा आणि धनगरांची भाषा ह्यांच्यातली फट, येथे बुजली आहे. माणदेशी बोली ऐकू येते, पण ती ऐकणारा कान हरवला आहे. वर्गात ह्यावर चर्चा झाली तेव्हा एका विद्यार्थिनीने नेमके बोट ठेवले : पुस्तक वाचताना आपण मास्तरबरोबर वाडीत जातो, चित्रपट पाहताना आपण मास्तरलाच वाडीत पाहतो.

मिलिंद बोकील ह्यांच्या 'शाळा' (२००४) ची गोष्ट काहीशी अशीच आहे. आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुकुंदाचे हे प्रथमपुरुषी निवेदन. त्याची टवाळ, अर्धवट शहाणी भाषा हेच कादंबरीचे बळ. सुजय डहाके ह्यांच्या चित्रपटाने (२०१२) किशोरवयीन ओढीची गोष्ट हळुवारपणे सांगितली. परंतु मुकुंदाची टवाळी ही त्या वयाची जगाविषयीची समीक्षा होती, ती त्या हळुवारपणात विरघळली. शिरोडकर दिसू लागल्यावर तिच्याकडे पाहणाऱ्याच्या डोक्यातला गोंधळ मागे पडणे स्वाभाविक होते. रवी जाधव ह्यांच्या 'नटरंग' (२०१०) विषयी एवढेच म्हणतो की, आनंद यादव ह्यांच्या गुणाचा पुरुषी देह आणि नाच्याची भूमिका ह्यांतला ताण अतुल कुलकर्णी ह्यांनी देहातून उभा केला, हे त्या चित्रपटाचे मोठे यश. पण लोकांच्या स्मरणात राहिली ती गाणी. सदानंद देशमुख ह्यांच्या 'बारोमास' ह्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठवाड्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ह्या लेखकाने शेतकरी कुटुंबाची होरपळ तिथल्या बोलीसह मांडली. तिच्यावर २०१२ मध्ये चित्रपट आला तो हिंदीत. आशय राहिला असे म्हणता येईल. पण ज्या भाषेत ती होरपळ बोलत होती, ती भाषाच राहिली नाही. आमच्या शेजारच्या कादंबरीपर्यंत कॅमेरा आला आणि तिची बोली मागे ठेवून गेला.

ह्या पार्श्वभूमीवर सुजय डहाके ह्यांचाच 'श्यामची आई' (२०२३) मला महत्त्वाचा वाटतो. साने गुरुजींनी हे पुस्तक बहुतांशी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिले आणि ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची रचना 'रात्रीं'ची आहे : आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. सांगणारा श्याम प्रौढ आहे, आई आता नाही. ह्या दोन काळांतल्या अंतरामुळेच साध्या प्रसंगांना कारुण्य लाभते. आचार्य अत्रे ह्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. वनमाला आणि माधव वझे ह्यांच्या रूपात आई आणि बाल श्याम लोकांच्या मनात कायमचे घर करून बसले. सांगणारा प्रौढ श्याम मात्र लोकस्मृतीत मागे पडला. सत्तर वर्षांनंतर डहाके ह्यांनी कृष्णधवल चित्रणात ओम भूतकर ह्यांच्या रूपाने साने गुरुजींनाच पात्र म्हणून आणले आणि बालपणाकडे त्यांच्या प्रौढ जीवनातून पाहिले. हे सर्वच जागी साधले आहे असे नाही. काही ठिकाणी स्वातंत्र्यलढ्याचा भाग आणि कोकणातले घर एकमेकांशी जुळत नाहीत, आणि कृष्णधवल रंग हा काळाचा मुलामा वाटतो. तरीही 'हे सांगतो कोण आणि कोठून?' हा प्रश्न दिग्दर्शकाने विचारला, हे मोलाचे आहे. 'शाळा'मध्ये निवेदक गमावलेल्या दिग्दर्शकाने दहा-अकरा वर्षांनी तो शोधावयास निघावे, हे रूपांतराविषयीच्या जाणिवेत झालेल्या बदलाचे चिन्ह मानता येईल.

५

येथे एक आक्षेप येऊ शकतो. आज मराठी चित्रपटात बोलींचे वैविध्य आलेच आहे, मग ही तक्रार कशासाठी? नागराज मंजुळे ह्यांच्या 'फँड्री' (२०१४ मध्ये प्रदर्शित) आणि 'सैराट' (२०१६) ह्या चित्रपटांनी सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा परिसराची बोली तिच्या हेलांसह पडद्यावर आणली आणि अवघ्या महाराष्ट्राने ती ऐकली. हा आक्षेप खरा आहे, आणि तो माझ्या मांडणीला पुष्टीच देतो. ह्या कृती रूपांतरे नव्हेत. त्या दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संहिता आहेत. तिथे पाहणारा बाहेरून आलेला नाही. 'फँड्री'च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो, तेव्हा आजवर पाहिले जाणारे पात्र पाहणाऱ्याकडे वळते. बनगरवाडीचा मास्तर चौकटीत येऊन पाहणारा राहिला नाही. जब्या चौकटीत असूनच पाहणारा झाला. बोली जिवंत वाटते ती ह्यामुळे. ती खूण नसून कोणाच्या तरी पाहण्याची भाषा आहे. जे लेखकाच्या बोलीला रूपांतरात मिळाले नाही, ते दिग्दर्शकाच्या बोलीला स्वतंत्र संहितेत मिळाले.

परंतु म्हणून साहित्याकडे पाठ फिरवावी काय? मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर इथल्या साहित्यात पाहणाऱ्यांची एक परंपराच आहे. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी (१९१३-१९५३), मूळचे सातोन्याचे. निजामाच्या राज्यात परभणीला बांधकाम खात्यात नोकरी करीत त्यांनी कविता, कथा आणि 'आडगावचे चौधरी' सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. कचेरीत उर्दू, घरी आणि गावात मराठी, लेखनात ह्या दोहोंचे भान अशा तिठ्यावर उभा असलेला हा लेखक वयाच्या चाळिशीतच गेला. एका संस्थानी राजवटीचा शेवट आतून पाहिलेल्या माणसाची दृष्टी त्याच्या गद्यात आहे, आणि अशी दृष्टी मराठी पडद्यावर मला तरी भेटलेली नाही. आमच्या काळात सेलू तालुक्यातून आलेल्या आसाराम लोमटे ह्यांच्या 'आलोक' ह्या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातली सत्ता, जात, पुढारपण, सालगड्याचे अगतिक शहाणपण ह्यांकडे लोमटे गावातच उभे राहून पाहतात. त्यांच्या कथेचा निवेदक मुक्कामाला आलेला नसतो. तो तिथलाच असतो आणि तरीही त्याला अंतर राखता येते. ह्या कथांतले कथानक उचलणे कोणाही पटकथाकाराला सोपे जाईल. कठीण आहे ते हे पाहणे उचलणे.

मराठवाड्यातल्या कृतींवर चित्रपट झालेच पाहिजेत, अशी मागणी मी करीत नाही. प्रदेशाचे प्रतिनिधित्व हा वाटणीचा हिशेब झाला की साहित्यविचार तिथेच संपतो. परभणीचे रस्ते, ज्वारीची शेते आणि गोदाकाठ दाखवून, पात्रांच्या तोंडी चार 'करायलास' घालून केलेला चित्रपट मराठवाड्याचा होणार नाही. जुनी खूण जाऊन नवी आली, एवढेच होईल. रूपांतर करणाऱ्याने प्रथम ठरवावयाचे आहे ते हे की, मूळ कृतीत जो पाहतो त्याची जागा पडद्यावर कोण घेणार : घड्याळासारखी एखादी वस्तू, दिगूसारखे एखादे पात्र, की कॅमेऱ्याचे स्वतःचे थांबणे आणि वळणे. ती जागा ठरली की बोली आपोआप ठरते, कारण पाहणारा कोठला आहे हे ठरलेले असते.

ह्या विवेचनाचा समीक्षेच्या आणि अध्यापनाच्या व्यवहाराशीही संबंध आहे. आपल्या अभ्यासक्रमांत माध्यमांतराचा घटक आला आहे. पण बहुतेक प्रश्नपत्रिकांत 'साम्य आणि भेद' एवढेच विचारले जाते. कोणती पात्रे गाळली, कोणता प्रसंग वाढवला, शेवट कसा बदलला ह्यांची यादी विद्यार्थी करतात. त्याऐवजी निवेदनाचा एक परिच्छेद आणि त्याच प्रसंगाचे चित्रपटातले दृश्य समोरासमोर ठेवून 'येथे कोण पाहतो?' एवढा एकच प्रश्न विचारला, तर पुष्कळ काही हाती लागते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. ह्यासाठी सैद्धांतिक परिभाषेचे ओझे लागत नाही.

ज्याच्या कथेपासून ह्या लेखाला सुरुवात झाली, त्या विद्यार्थ्याने ती कथा पुन्हा लिहून आणली. 'करतुयास' जाऊन 'करायलास' आले होते, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो दुसरा बदल. पहिल्या खर्ड्यात आखाड्याचे वर्णन सकाळच्या उन्हाने, बैलांच्या घुंगरांनी सुरू होत असे. चित्रपटाचे पहिले दृश्य असावे तसे. नव्या खर्ड्यात आखाडा दिसतो तो बाजेवर पडलेल्या सालगड्याला, पहाटे, बैलाच्या खांद्यावरची सूज हाताने चाचपताना. उन्हाचा पत्ता नाही. भाषा बदलण्याआधी त्याने पाहण्याची जागा बदलली होती.